शकणे, येणे, असेल, असावा : क्षमता आणि शक्यता इंग्रजीत नेमकी कशी सांगावी?

मूळ लेख : वाक्यवेध

नमस्कार.

मराठी माध्यमात शिकून पुढे नोकरीच्या निमित्ताने रोज इंग्रजी लिहावे लागणाऱ्या प्रौढांना मी इंग्रजी शिकवतो. काळ आणि उपपदे यांच्या चुका सरावाने सुटतात. मात्र कॅन, कुड, मे, माइट आणि बी एबल टू यांची निवड एरवी उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्यांनाही शेवटपर्यंत अडते. त्याचे मूळ मला शाळेत पाठ केलेल्या एका समीकरणात दिसते. कॅन म्हणजे 'शकतो', कुड म्हणजे 'शकलो' आणि मे म्हणजे 'कदाचित', एवढ्यावर आपली बोळवण होते. हे समीकरण इंग्रजीच्या बाजूने अपुरे आहेच, पण मराठीच्या बाजूनेही ते अन्याय करणारे आहे. क्षमता आणि शक्यता सांगताना मराठी माणूस केवळ 'शकणे' वापरत नाही. 'येते', 'यायचे', 'करवत नाही', 'असेल', 'असावा', 'असणार', 'गेला असता' अशी कितीतरी रूपे तो विचार न करताही अचूक वापरतो. आपल्या तोंडी आधी कोणते मराठी रूप आले याकडे लक्ष दिले, तर इंग्रजीतले योग्य रूप बहुतेक वेळा त्यातूनच सापडते, असे माझे म्हणणे आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले उदाहरण पावसाचे घेतो. 'आज पाऊस पडू शकतो' या वाक्याचे इंग्रजी आपल्याकडे सर्रास 'इट कॅन रेन टुडे' असे केले जाते. होकारार्थी वाक्यातले कॅन हे एखाद्या वस्तूचा, जागेचा किंवा माणसाचा स्वभाव अथवा आवाका सांगते. एका ठरावीक दिवशी काय घडेल याचा अंदाज ते सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यामुळे 'मुंबईत एका दिवसात नऊशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडू शकतो' हे वाक्य त्या शहराच्या हवामानाविषयीचे विधान आहे आणि तिथे कॅन अगदी योग्य आहे. 'उद्या मुंबईत मुसळधार पाऊस पडू शकतो' हे मात्र उद्याविषयीचे अनुमान आहे; तिथे मे, माइट किंवा कुड यांपैकी एक हवे. मराठीत दोन्हीकडे 'पडू शकतो' हेच रूप असल्यामुळे फरक डोळ्यांआड होतो. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना एक कसोटी देतो. वाक्यात 'कधीकधी' हा शब्द घालून पाहावा आणि मग 'कदाचित' घालून पाहावा. 'कधीकधी' चपखल बसला तर कॅन वापरावे. 'कदाचित' बसला तर मे, माइट, कुड यांच्याकडे वळावे. 'घाटातला रस्ता दरड कोसळून बंद होऊ शकतो' हे पावसाळ्याविषयीचे सर्वसाधारण वाक्य असेल तर कॅन, आणि आत्ता निघालेल्या पाहुण्यांना दिलेली सूचना असेल तर मे.

दुसरा मुद्दा भूतकाळाचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. 'काल मी शेवटची लोकल पकडू शकलो' याचे 'आय कुड कॅच द लास्ट लोकल येस्टरडे' असे भाषांतर केले जाते. इंग्रजी वाचकाला हे वाक्य अर्धवट वाटते, कारण होकारार्थी कुड हे भूतकाळातली अंगी असलेली क्षमता सांगते. एका प्रसंगी ती क्षमता वापरून काम तडीस गेले, हे ते सांगत नाही. त्यासाठी 'आय वॉज एबल टू कॅच' किंवा धडपड सुचवायची असल्यास 'आय मॅनेज्ड टू कॅच' असे म्हणावे लागते. इथे मराठी आपल्याला थेट मदत करते. 'लहानपणी मला कोणत्याही झाडावर चढता यायचे' या वाक्यात आपण 'शकलो' म्हणत नाही, 'यायचे' म्हणतो. 'यायचे', 'येत असे', 'शकत असे' ही रूपे मनात आली तर कुड लिहावे; 'शकलो', 'शकली', 'जमले', 'साधले' ही आली तर वॉज एबल टू. एका प्रसंगी पार पडलेली गोष्ट आणि दीर्घकाळ अंगी असलेले कसब यांतला भेद मराठीने क्रियापदाच्या रूपातच करून ठेवला आहे. तो पुसून टाकणारे समीकरण शाळेत का शिकवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नकारार्थी वाक्यात हे बंधन सुटते. 'पकडू शकलो नाही' असो वा 'पोहता येत नसे' असो, दोन्हीकडे कुडन्ट चालते, कारण जी गोष्ट घडलीच नाही तिच्यात क्षमता आणि प्रत्यक्ष कृती वेगळी काढण्याचे कारण उरत नाही. पाहणे, ऐकणे, वास येणे, आठवणे या क्रियांचाही अपवाद आहे. 'खिडकीतून सिंहगड दिसत होता' हे एका संध्याकाळपुरते असले तरी 'वी कुड सी सिंहगड' असेच लिहितात.

तिसरा मुद्दा अनुमानाचा. 'तो घरी असेल', 'तो घरी असावा' आणि 'तो घरी असणार' ही तीन वाक्ये मराठी कानाला वेगवेगळी लागतात. पहिल्यात नुसता अंदाज आहे आणि तिथे मे किंवा माइट शोभते. बोलणाऱ्याला बरीच खात्री असेल तर इंग्रजीत विलही येते. दुसऱ्यात समोरच्या खुणेवरून काढलेला निष्कर्ष आहे : दिवा चालू आहे, म्हणजे तो घरी असावा. तिसऱ्यात तो निष्कर्ष पक्का आहे. या दोन्हींसाठी मस्ट आहे. दुसऱ्यात थोडी नरमाई ठेवायची असेल तर प्रॉबबली जोडून साधे वाक्य लिहिता येते. या मस्टचा नकार मस्ट नॉट नसून बहुधा कान्ट असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. 'चपला दारातच आहेत, म्हणजे तो बाहेर गेला नसणार' याचे इंग्रजी 'ही कान्ट हॅव गॉन आउट' असे होते. 'गेला नसेल' असे म्हटले असते तर 'ही मे नॉट हॅव गॉन आउट' झाले असते. 'नसणार' आणि 'नसेल' यांतले अंतर जितके, तितकेच कान्ट आणि मे नॉट यांच्यात आहे.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही जरूर लिहावेत.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

लेख आवडला. 'कधीकधी' आणि 'कदाचित' यांची कसोटी उद्यापासून माझ्या नववीच्या वर्गात वापरणार आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्या मुलांच्या वह्यांमध्ये सर्वाधिक आढळणारे वाक्य म्हणजे 'आय कॅन एबल टू डू इट'. कॅन आणि एबल टू ही एकाच कामाची दोन साधने आहेत, दोन्ही एकदम वापरायची नाहीत, एवढे सांगून भागत नाही. मुले पुन्हा तेच लिहितात. मराठीतले 'शकणे' हे सर्व काळांत चालणारे क्रियापद आहे : शकतो, शकला, शकेल, शकत असे, शकला असता. कॅनला हे सामर्थ्य नाही. त्याला विलच्या पुढे उभे राहता येत नाही, टूच्या पुढे येता येत नाही, हॅवच्या पुढेही नाही. म्हणून जिथे कॅन पोहोचत नाही तिथे बी एबल टू हे त्याच्या जागी धावून येते, असे सांगितल्यावर मुलांना ते पटते. 'पुढच्या वर्षी तू इंग्रजीत भाषण करू शकशील' याचे 'यू विल बी एबल टू' का होते, हेही त्यातच उलगडते.

माझी एक शंका आहे. 'मला पोहता येते' आणि 'मी पोहू शकतो' यांत मराठीत स्पष्ट फरक आहे. पहिले शिकलेले कसब आहे, दुसरे त्या वेळची शक्यता. हा फरक इंग्रजीत कसा दाखवायचा?

प्रतिसाद : वाक्यवेध

कृष्णाकाठ, आपले 'धावून येणे' मी उसने घेतो आहे. आपल्या शंकेचे उत्तर असे की इथे इंग्रजी मराठीइतके बारकाईने पाहत नाही. 'मला पोहता येते, पण खांदा दुखावल्यामुळे आज पोहू शकत नाही' याचे सरळ इंग्रजी 'आय कॅन स्विम, बट आय कान्ट स्विम टुडे' असे आहे. कॅन दोन्ही ओझी वाहते आणि आज किंवा खांदा यांसारखे शब्द अर्थ स्पष्ट करतात. कसबावर भर द्यायचा असल्यास 'आय नो हाउ टू स्विम' हा मार्ग आहे, पण सर्वत्र त्याची गरज नसते. विद्यार्थ्यांना निर्धास्तपणे सांगावे की 'येणे' आणि 'शकणे' यांच्या वर्तमानकाळात कॅनवर विसंबून राहण्यास हरकत नाही. सांभाळायचे ते भूतकाळात आणि अनुमानात.

मराठीचे आणखी एक रूप या निमित्ताने नोंदवतो. 'आजीला आता जिना चढवत नाही', 'माझ्याच्याने आता उपास करवत नाही' या वाक्यांतली क्रियापदे आपल्या व्याकरणात शक्य क्रियापदे म्हणून ओळखली जातात. त्यांचे इंग्रजी कान्टने होते, पण 'एनी मोअर' किंवा 'एनी लाँगर' जोडल्याशिवाय त्यातला थकवा उतरत नाही. आणि 'ते दृश्य बघवत नव्हते' इथे डोळ्यांची क्षमता गेलेली नसून मनाची गेलेली आहे. म्हणून 'आय कुडन्ट बेअर टू वॉच'.

प्रतिसाद : दूरदेशी

मी बरीच वर्षे अमेरिकेत आहे. लिहिण्याबरोबर बोलण्याचाही एक प्रश्न इथे मांडतो, कारण त्यामुळे अर्थाचा अनर्थ होतो. आपण कॅन हा शब्द प्रत्येक वेळी पूर्ण जोर देऊन उच्चारतो : 'आय कॅन कम ऑन मंडे'. अमेरिकन बोलीत होकारार्थी कॅन वाक्याच्या मध्ये आले की त्याचा स्वर जवळजवळ विरघळतो आणि ते 'कन्' किंवा नुसते 'क्न्' असे ऐकू येते; जोर कमवर जातो. नकारार्थी कॅन्टमधला स्वर मात्र पूर्ण राहतो आणि शेवटचा ट बहुधा गिळला जातो. परिणामी ऐकणारा माणूस ट ऐकत नाही, तो स्वराचा जोर ऐकतो. आपण भरपूर जोर देऊन कॅन म्हटले की समोरच्याला कॅन्ट ऐकू येण्याची दाट शक्यता असते. ब्रिटिश उच्चारात कॅन आणि कान्ट यांचे स्वरच वेगळे असल्यामुळे तिथे ही अडचण कमी आहे. इथे नव्याने येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की होकार देताना कॅन हलके उच्चारा आणि मुख्य क्रियापदावर जोर द्या. नकार देताना, विशेषतः फोनवर, सरळ कॅनॉट म्हणा.

दुसरी गोष्ट अशी की काही ठिकाणी मराठीत 'शकणे' नसतेच, तरी इंग्रजीला कॅन हवे असते, आणि त्याची चर्चा फार कमी होते. दूरस्थ बैठकीत आपली मंडळी 'अॅम आय ऑडिबल?' असे विचारतात. मराठीत आपण 'माझा आवाज ऐकू येतो आहे का?' असे विचारतो. त्यातल्या 'येतो' या शब्दातच कॅन दडलेले आहे. 'कॅन यू हिअर मी?' एवढे पुरते. तसेच 'किल्ली सापडत नाही' म्हणजे 'आय कान्ट फाइंड द की', 'नाव आठवत नाही' म्हणजे 'आय कान्ट रिमेंबर द नेम', 'समोर काही दिसत नाही' म्हणजे 'आय कान्ट सी अ थिंग'. आपण या जागी 'आय अॅम नॉट गेटिंग द की' असे काहीतरी रचतो, कारण मराठी वाक्यात 'शकणे' दिसत नाही म्हणून इंग्रजीत कॅन सुचत नाही.

प्रतिसाद : धातुरूप

दूरदेशी यांचा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला थोडी ऐतिहासिक जोड देतो. कॅन हे जुन्या इंग्रजीतल्या 'कुनन' या क्रियापदापासून आले आणि त्याचा मूळ अर्थ जाणणे, माहीत असणे असा होता. इंग्रजीतले नो, संस्कृतातला ज्ञा धातू आणि आपले 'जाणणे' हे सर्व एकाच प्राचीन मुळाचे आहेत. म्हणजे 'आय कॅन स्विम' याचा अगदी जुना अर्थ 'मला पोहण्याचे ज्ञान आहे' असा, आपल्या 'पोहता येते' याच्या जवळचा होतो. मे हे 'मागन' या क्रियापदापासून आले. त्याचा अर्थ बळ असणे, समर्थ असणे असा होता आणि माइट हे नाम आजही इंग्रजीत बळ याच अर्थाने टिकून आहे. पुढे काही शतकांच्या ओघात कॅनने सामर्थ्याचे क्षेत्र व्यापले आणि मे शक्यता आणि परवानगी यांच्याकडे सरकले. कॅन आणि मे यांच्या सीमा आजही अधूनमधून एकमेकींत मिसळतात, त्याचे मूळ या सरकण्यात आहे.

ही क्रियापदे 'ही'पुढे एस का घेत नाहीत, याचेही उत्तर इतिहासातच आहे. त्यांचे वर्तमानकाळाचे रूप मुळात भूतकाळाचे होते. जुन्या काळी 'मला कळले' या अर्थाचे रूप 'मला माहीत आहे' या अर्थाने रुळले आणि भूतकाळाच्या रूपाला एस लागत नाही. मग नव्या भूतकाळासाठी कुड, माइट अशी वेगळी रूपे तयार झाली. कुडच्या लेखनातला एल मात्र मुळात नव्हता. वुड आणि शुड यांच्या देखादेखी तो पुढे घातला गेला.

प्रतिसाद : मेघसावली

मी औषधांची माहितीपत्रके आणि रुग्णांसाठीच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करते. आमच्या कामात कॅन आणि मे यांचा भेद रोजचा आहे. 'कॅन कॉज' म्हणजे हा परिणाम होतो हे माहीत आहे, तो त्या पदार्थाच्या किंवा आजाराच्या स्वभावात आहे. 'मे कॉज' म्हणजे तुमच्या बाबतीत होईलही, होणारही नाही. किंवा संशोधनाच्या लेखात असेल तर संबंध अजून पुरेसा सिद्ध झालेला नाही. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश जीवघेणा ठरू शकतो, हे कॅनचे वाक्य आहे, कारण ते त्या विषाविषयीचे ज्ञान आहे. ज्याला विंचू चावला आहे त्या माणसाच्या नातेवाइकांना 'ही मे नीड टू बी अॅडमिटेड' असे सांगितले जाते, कारण ते एका माणसाविषयी आहे. झोप आणणाऱ्या औषधाच्या वेष्टनावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असे छापतात, ते वाचणाऱ्या त्या एका रुग्णाला उद्देशून असते. त्याच औषधाविषयी पाठ्यपुस्तकात कॅन आले तर ते चूक नाही.

मराठीत उतरवताना मी पूर्वी दोन्हीकडे 'होऊ शकते' लिहीत असे. आता कॅनसाठी 'होऊ शकते' आणि मेसाठी 'होण्याची शक्यता आहे' किंवा 'कदाचित होईल' असे ठेवते. वाचणाऱ्याला त्याने निश्चित फरक पडतो.

प्रतिसाद : सातपुडा

चर्चा वाचतो आहे. सर्वांविषयी आदर राखून वेगळे मत मांडतो. भारतात कोट्यवधी लोक परस्परांशी इंग्रजीत बोलतात. 'इट कॅन रेन टुडे' असे म्हटले की ऐकणारा छत्री घेऊनच निघतो. अर्थ पोहोचतो आहे, तर लंडनच्या माणसाला ते वाक्य कसे वाटेल याची काळजी आपण का करावी? इंग्रजी आता आपलीही भाषा आहे आणि तिच्यावर मराठीची छाया पडणे स्वाभाविक आहे. मुलांना या बारकाव्यांचे भय घालून आपण त्यांचे तोंड तर बंद करत नाही ना?

प्रतिसाद : वाक्यवेध

सातपुडा, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. बोलताना कोणी 'इट कॅन रेन' म्हणाले तर मी वर्गात अडवत नाही. मुलांचे बोलणे आधी वाहते झाले पाहिजे, यात दुमत नाही. माझा आग्रह लेखनापुरता आहे, आणि तोही जिथे केवळ शैली बिघडत नसून अर्थच फिरतो तिथला.

नकारार्थी वाक्ये पाहा. होकारात 'इट कुड बी ट्रू' आणि 'इट माइट बी ट्रू' यांत फारसे अंतर नाही; दोन्ही म्हणजे 'खरे असेलही'. नॉट घातले की दोघे एकदम दोन टोकांना जातात. 'इट माइट नॉट बी ट्रू' म्हणजे 'खरे नसेलही', आणि 'इट कुड नॉट बी ट्रू' म्हणजे 'खरे असूच शकत नाही'. माइट आणि मे यांच्यापुढचा नॉट त्यानंतर येणाऱ्या क्रियेला लागतो : नसण्याची शक्यता आहे. कॅन आणि कुड यांच्यापुढचा नॉट खुद्द शक्यतेलाच लागतो : असण्याची शक्यता नाही. एखाद्या कर्मचाऱ्यावर आलेल्या तक्रारीविषयी अधिकाऱ्याने 'द अॅलिगेशन कुड नॉट बी ट्रू' असे लिहिले, तर चौकशीआधीच त्याने निर्दोषत्वाचा निर्वाळा दिला असा अर्थ होतो. त्याच्या मनात 'आरोप खरा नसेलही' एवढेच असेल, तर त्या एका शब्दाने कागदावर भलतेच मत नोंदले गेले. इथे लंडनच्या माणसाला काय वाटेल हा प्रश्न उरत नाही. आपल्याच कार्यालयातला पुढचा वाचक काय समजेल हा प्रश्न आहे.

प्रश्नार्थी वाक्याचे एक टिपण राहिले होते, ते इथेच देतो. होकारात कॅनने अनुमान करता येत नाही, पण प्रश्नात येते : 'कॅन इट बी ट्रू?' म्हणजे 'हे खरे असेल का?' याउलट अनुमानाचा मे प्रश्नाच्या आरंभी येत नाही. 'मे इट रेन टुमॉरो?' असे कोणी विचारत नाही. 'डू यू थिंक इट विल रेन?' किंवा 'कुड इट रेन?' असे विचारतात. मे प्रश्नाच्या आरंभी आला की तो परवानगी मागतो.

प्रतिसाद : न्यायपथ

वकिली करत असल्यामुळे एक छोटी भर घालतो. कायद्याच्या भाषेत मे बहुतेक वेळा अंदाज सांगत नाही, अधिकार देते. संविधानाच्या अनुच्छेद ३ मध्ये संसद कायद्याने नवीन राज्य निर्माण करू शकते असे सांगताना इंग्रजी पाठात मे आहे. त्याचा अर्थ संसद कदाचित तसे करील असा नाही. आपल्या मराठी अधिनियमांत अशा मेसाठी 'करता येईल' ही रचना रुळली आहे आणि ती मला फार नेमकी वाटते.

अडचण येते ती नकारात. भाडेकरारात 'द टेनंट मे नॉट सबलेट द प्रिमायसेस' असे असेल तर ती मनाई आहे : पोटभाडेकरू ठेवता येणार नाही. 'द टेनंट मे नॉट पे ऑन टाइम' ही मात्र शंका आहे : भाडेकरू वेळेवर पैसे देणार नाही असेही होईल. मसुदा करताना मी पहिल्या जागी शॅल नॉट आणि दुसऱ्या जागी 'इफ द टेनंट फेल्स टू पे' असे लिहून मे नॉट टाळतो. मनात 'येणार नाही' आहे की 'कदाचित नाही' आहे, हे आधी मराठीत ठरवून घेण्याचा वाक्यवेध यांचा मार्ग मसुद्याच्या कामातही तंतोतंत लागू पडतो.

प्रतिसाद : पैलतीर

मी वाहन अपघातांच्या विमा दाव्यांचे पाहणी अहवाल इंग्रजीत लिहितो. कुड हॅव मला नेहमी अडवते. 'चालक गाडी थांबवू शकला असता' आणि 'चालकाने गाडी थांबवली असू शकेल' ही दोन मराठी वाक्ये मला पूर्ण वेगळी दिसतात. पहिल्यात चालकावर ठपका आहे, दुसऱ्यात त्याच्या बाजूची शक्यता आहे. इंग्रजीत मात्र दोन्हीसाठी 'द ड्रायव्हर कुड हॅव स्टॉप्ड' असे होते, असे एका सहकाऱ्याने सांगितले. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर अहवालात काय लिहावे? हेल्मेटविषयी लिहितानाही मे हॅव आणि माइट हॅव यांतले कोणते घ्यावे, हे कळत नाही.

प्रतिसाद : वाक्यवेध

पैलतीर, आपल्या सहकाऱ्याचे म्हणणे खरे आहे. कुड हॅव हे रूप दोन्ही अर्थ पोटात घेऊन फिरते आणि बोलताना सूर आणि संदर्भ यांमुळे ते निभावते. अहवालात सूर नसतो. मराठीत 'असता' आणि 'असेल' या दोन शब्दांनी हे काम केले आहे. 'असता' म्हणजे तसे घडले नाही हे ठाऊक आहे. 'असेल' म्हणजे घडले की नाही हे ठाऊक नाही.

आपल्या मनात 'असता' असेल, म्हणजे गाडी थांबली नाही हे निश्चित असेल, तर एका कुड हॅववर विसंबू नये आणि न घडलेली गोष्ट शब्दांत स्पष्ट लिहावी : 'द ड्रायव्हर हॅड इनफ डिस्टन्स टू स्टॉप बट डिड नॉट डू सो'. यात क्षमता कशावरून ठरवली तेही सांगितले जाते, त्यामुळे अहवाल अधिक बळकट होतो. आपल्या मनात 'असेल' असेल, तर 'द ड्रायव्हर मे हॅव स्टॉप्ड' लिहावे. तिथे ठपक्याचा अर्थ शिरत नाही.

मे हॅव आणि माइट हॅव यांच्या निवडीलाही हीच कसोटी लावावी. 'हेल्मेट असते तर तो वाचला असता कदाचित' हे 'असता'चे वाक्य आहे; तो वाचलेला नाही. इथे 'ही माइट हॅव सर्व्हाइव्ह्ड' हेच हवे. 'ही मे हॅव सर्व्हाइव्ह्ड' असे लिहिले तर काटेकोर वाचकाला वाटते की तो वाचला की नाही हे अजून समजलेले नाही, म्हणजे 'वाचला असेल'. वर्तमानपत्रांत आजकाल या दोन्हींची सरमिसळ दिसते, पण ज्या कागदावर एका कुटुंबाचा दावा ठरणार आहे, त्यावर ती होऊ देऊ नये.

नकाराचे रूप मात्र आपल्याला सोयीचे आहे. 'द ड्रायव्हर कुड नॉट हॅव स्टॉप्ड इन टाइम' म्हणजे वेळेत थांबणे शक्यच नव्हते. ठपका दूर करायचा असेल तेव्हा हे वाक्य निःशंकपणे वापरावे आणि त्याच्या पुढेच वेग, अंतर आणि रस्त्याची ओल यांची नोंद द्यावी.